गुरुवारचा अकरावा डबा

साताऱ्यात आमच्या आळीच्या टोकाला दगडी बांधणीचे एक लहानसे चर्च आहे. माझ्या दारापासून तिथपर्यंत तीनशे बारा पावले होतात. ही मोजदाद मी पत्नीच्या निधनानंतर केली. तत्पूर्वीची चाळीस वर्षे त्या वास्तूशी माझा परिचय केवळ कानांचा होता. रविवारी प्रातःकाळी घंटा होई आणि मग पेटी-तबल्याच्या साथीने भजने सुरू होत. चाल ओळखीची असे, नाव तेवढे निराळे. चारुलता हातातले काम थांबवून म्हणायची, "किती शांत म्हणतात हो." मी मान डोलवीत असे. आत जाऊन ऐकावे, असे आम्हा दोघांनाही कधी सुचले नाही.

आम्हांला अपत्य नाही. चारुलता गेल्यावर घरात बोलण्यासारखे कोणी उरले नाही. मी एका शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकविले. रूपे, संधी, समास यांचा घोष करण्यात कंठ झिजविला. आता मात्र कित्येकदा दोन दोन दिवस माझा स्वर मलाच ऐकू येत नसे. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जाई. विजेचे देयक दाराच्या फटीतून आत येई. एकदा चुकीच्या क्रमांकावर लागलेला एक दूरध्वनी आला आणि त्या अनोळखी माणसाशी मी कोरेगावच्या बाजारात घेवड्याला काय भाव चालू आहे यावर पाच मिनिटे बोललो. त्याने फोन ठेवल्यावर ध्यानात आले की मी उभा होतो आणि माझा श्वास धावल्यासारखा चालला होता.

अशा दिवसांत शालूबाई आल्या.

शालूबाई म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या आया. कवठे महांकाळच्या बाजूच्या, जन्माने ख्रिस्ती. चारुलतेच्या अखेरच्या अकरा दिवसांत तिची वेणी घालण्याचे काम त्यांनी कोणी न सांगता स्वतःकडे घेतले होते. एका गुरुवारी बरोबर बारा वाजता त्या दारात उभ्या राहिल्या. हातात एकावर एक रचलेल्या तीन पुडांचा डबा, त्यावर तांबड्या रंगाने लिहिलेला अकराचा आकडा.

"गुरुजी, आमच्या चर्चच्या बाया दर गुरुवारी एकल्या माणसांसाठी सैपाक करत्यात. कुठल्या का धर्माचं असंना. बारा डबे हायत. ह्यो अकरावा तुमचा."

नको, असे म्हणायला मी तोंड उघडले होते. तोच त्या ओट्यावर बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "आमच्या पाळकसाहेबांचा नेम हाय. डबा दिऊन पळायचं न्हाई. धा मिंटं बसायचं. जेवतासा ना नीट? का नुसतं च्यावर दिस काढताय?"

त्या दहा मिनिटांसाठी मी डबा ठेवून घेतला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मला स्वयंपाक येतो. वरण, भात, एखादी भाजी मी नित्य करीत असे आणि त्या गुरुवारीही अकरा वाजताच माझे भोजन झाले होते. दुसरी गोष्ट अशी की मी परान्न घेत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी सांगलीस कृष्णेच्या घाटावर ओंजळीने पाणी सोडून मी तसा संकल्प केला होता आणि साठाहून अधिक वर्षे तो पाळला होता. लग्नकार्यात मी पंक्तीच्या वेळी पथ्याचे निमित्त सांगून दूर बसत असे. चारुलता पितळी कडीचा एक डबा पिशवीत घालून सर्वत्र बरोबर नेई. कारण तिने एकदाही विचारले नाही, मीही सांगितले नाही.

पहिल्या गुरुवारी शालूबाई गेल्यावर मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, लसणीची चटणी. मागील बोळात आकाराम गवळ्याची गाय बांधलेली असते. मी तिच्या घमेल्यात ते अन्न घातले आणि मनाशी त्याला गोग्रास असे नाव दिले. शास्त्रातला शब्द योजल्याने पुष्कळ गोष्टी सह्य होतात.

मग डबा स्वच्छ घासला. रिकामे भांडे परत देऊ नये ही आमच्याकडची रीत, म्हणून त्यात गुळाचा खडा ठेवला. पुढच्या गुरुवारी शालूबाईंनी भरलेला डबा दिला, रिकामा घेतला आणि विचारले, "मीठ कसं हुतं?"

"अगदी बेताचे," मी म्हणालो.

"मी सांगती बायांस्नी. खूश हुतील."

याप्रमाणे सात महिने चालले. बुधवारी सायंकाळीच मी ओटा झाडून ठेवी. गुरुवारी धोतर बदली. शालूबाई दवाखान्यातल्या गोष्टी सांगत: कोण्या बाईला तीन मुलींवर चौथीही मुलगीच झाली आणि सासूनेच पेढे वाटले, कोण्या फौजदाराला सुईचे भय, तो खाटेखाली दडून बसला. मी हसे. दहा मिनिटांची पंधरा होत, कधी वीस. त्या उठू लागल्या की मी म्हणे, "बसा की जरा." त्या पुन्हा टेकत. उरलेले साडेसहा दिवस मी त्या वीस मिनिटांच्या आधाराने काढीत असे. एकदा बोलता बोलता मी म्हणालो की चारुलता वांग्याचे भरीत करी, त्यात दही नसे, नुसते शेंगदाण्याचे कूट आणि हिरवी मिरची.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी शालूबाई आल्या त्या घाईत होत्या. डबा देऊन दोन शब्द बोलल्या आणि निघाल्या. जाताना त्यांच्या मुद्रेवर काही दडविलेला आनंद होता. मागील आठवड्याचा रिकामा डबा न्यायचा मात्र त्या विसरल्या. मी भरलेला डबा घेऊन मागील दारी गेलो. झाकण काढले तो भरीत. दही नसलेले. वाफ अजून निघत होती.

माझा हात क्षणभर थांबला, हे खरे. पण नंतर तो उपडा झाला, हेही खरे.

"गुरुजी, रिकामा डबा राहिला की वो..."

शालूबाई घरातून थेट मागील दारी आल्या होत्या. गाय घमेल्यात तोंड घालून खात होती. माझ्या हातात रिकामे पूड होते.

त्यांनी गाईकडे पाहिले. "ते भरीत चर्चमधलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "मी घरी चुलीवर वांगं भाजलं. पहाटं उठून." आणि मग, आवाज जराही न चढविता, "आमच्या हातचं चालत न्हाई, येवढंच ना? आधी सांगायचं. मी तवाच समजून घेतलं असतं. लहानपणापासून तेच करतीया मी, समजून घ्यायचं. पर तुमी गुळाचा खडा घालून डबा द्यायचा. बाया म्हनायच्या, गुरुजींची रीत लय चांगली."

माझ्या ओठांवर शब्द आला होता: तसे नाही. तो उच्चारला असता तर पुढचे सर्व सांगणे प्राप्त होते. ते मी पत्नीलाही सांगितले नव्हते. मी मौन धरले. ताठ्याने वागणारा, सोवळे पाळणारा म्हातारा म्हणून ओळखले जाणे मला सोसवले. दुसरी ओळख सोसवली नसती.

शालूबाईंनी दोन्ही डबे उचलले आणि त्या समोरच्या दाराने गेल्या.

पुढच्या गुरुवारी बारा वाजता फटफटीचा आवाज आला. रविराज नावाचे एक गृहस्थ, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला असणारे, अकरावा डबा फाटकाला अडकवीत होते. "नमस्कार गुरुजी. सेकंड शिफ्ट हाय, थांबत न्हाई." फटफटी बंदही झाली नाही. मी ओट्यावर, बदललेल्या धोतरात, तसाच बसून राहिलो. डबा सायंकाळपर्यंत फाटकावरच होता. अंधार पडू लागला तेव्हा मी तो आत आणला आणि अखेर गाईपुढेच नेला. त्या दिवशी मात्र गोग्रास हा शब्द मनात उमटला नाही.

दुसरा गुरुवारही तसाच गेला. तिसऱ्या गुरुवारी मी फाटकापाशीच उभा राहिलो.

"शालूबाईंची प्रकृती बरी आहे ना?"

"हाय की. त्यांनी हिकडची आळी सोडली, कँपातली घेतली." रविराजांनी डबा माझ्या हातात दिला. "गुरुजी, रागावणार नसला तर इचारतो. तुमाला डबा पुरतो ना? म्हंजे लागतो ना? तेरावं नाव येऊन पडलंय. नानासो म्हणून हायत, पलटणीतनं रिटायर. बायको गेली, हात कापत्यात, धड सैपाक जमत न्हाई. पर डबे बाराच, आन् करणाऱ्या बायाबी तेवढ्याच."

फटफटी निघून गेली. मी हातातल्या डब्याकडे पाहिले. अन्नाचा अवमान करू नये हे मी तीस वर्षे मुलांना शिकविले होते. आणि येथे एका भुकेल्या माणसाचा घास मी सात महिने गाईला घालीत होतो, केवळ कोणीतरी दहा मिनिटे माझ्या ओट्यावर बसावे म्हणून. त्या दिवशी तो डबा मी उघडलाच नाही. आकारामच्या घरी नेऊन दिला. त्याच्या आईने तो डोळ्यांदेखत खाल्ला आणि मी रिकामा डबा घेऊन परतलो.

बुधवारी दुपारी चर्चच्या मागील दालनात बायका उद्याची भाजी निवडतात, हे मला शालूबाईंच्याच बोलण्यातून ठाऊक होते. मी दुसरा सदरा घातला, अकरावा डबा घेतला आणि तीनशे बारा पावले चाललो. आत चटईवर सातआठ बाया मेथी निवडीत बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच बोलणे थांबले. भिंतीशी बसलेल्या शालूबाईंनी मान वर केली आणि पुन्हा जुडीत घातली.

"या गुरुजी," एक वृद्धा म्हणाली. तिचे नाव मनुबाई. "वाट चुकला का काय?"

"हा डबा परत करण्यासाठी आलो. मला स्वयंपाक येतो. मी हे सांगावयास हवे होते."

कोपऱ्यात एक बाक होता. त्यावर मी बसलो.

"मी सांगलीला पाठशाळेत होतो," मी म्हणालो. माझा स्वर मला परका वाटला. "अकराव्या वर्षी वडील वारले. आईने मला तिथे ठेवले. पाठशाळेत विद्या मिळे, अन्न मिळत नसे. आम्ही वार लावून जेवत असू. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मला सहाच घरे मिळाली. शनिवारला घर नव्हते. त्या सहाही घरांत माझे नाव कोणाला ठाऊक नव्हते. मी दारात गेलो की आतून म्हणत, 'मंगळवार आला, त्याला वाढा.' बुधवारी मी बुधवार होत असे."

एका बाईच्या हातातली काडी तशीच राहिली.

"सोळा वर्षांचा असताना रविवारच्या घरी पाहुणे होते. आदल्या दिवशी उपास घडलेला. मी तिसऱ्यांदा भात मागितला. घरातली आजी वाढता वाढता म्हणाली, 'या रविवारला पोट आहे की धान्याचे पेव?' सर्व पंगत हसली. तिच्या मनात वाईट नसावे. पण मी पानावरून उठलो, घाटावर गेलो आणि ठरविले की यापुढे कोणाच्या घरचे अन्न घ्यायचे नाही. तेव्हापासून घेतले नाही. कोणाच्याही. माझ्या ज्ञातीतल्या घरांतलेही नाही. लग्नकार्यातही चारुलता माझा डबा पिशवीत घालून बरोबर नेई."

मी शालूबाईंकडे पाहिले. "तुम्ही म्हणालात तसे माझ्या मनात नव्हते, असे शपथेवर सांगवत नाही. मी ज्या घरात वाढलो तिथले काही अंगात राहिले असेल. पण घमेल्यात भरीत पडले ते त्यामुळे नव्हे. एवढेच सांगायला आलो."

शालूबाईंनी मेथीची पुढची जुडी ओढली.

"मी सांगलीलाच हुते," शालूबाई जुडीकडे पाहतच म्हणाल्या. "मिशनच्या बोर्डिंगात. मला नंबर हुता, सव्वीस. ताटलीवर सव्वीस, पोलक्यावर सव्वीस. दुधाची पावडर कालवून द्यायचे परदेशातनं आल्याली, आन् पिवळ्या मक्याची खीर. सव्वीस नंबर, पुढं हो, म्हनायचे."

"लाज नाही वाटली?" मी विचारले.

"लय वाटली. पर भूक लाजंपेक्षा थोरली हुती." त्यांनी देठ वेगळे टाकले. "तुमचं काय झालं गुरुजी, लाज थोरली झाली. मंग ती पोसायला साठ वरसं घातली, आन् बायकोला डबा वाहाय लावला."

मी हातातला अकरावा डबा चटईवर ठेवला.

मनुबाईंनी भिंतीवरचा कागद काढला आणि पेन्सिलीने अकराव्या नावावर रेघ मारली. "हितं नानासोचं नाव घालते."

"थांबा," मी म्हणालो. "नानासोंचा डबा मी करीन. दर गुरुवारी. भांडेही माझे. हा अकरावा आणखी कोणाला द्या."

मनुबाई हसल्या. "आवं गुरुजी, नानासो पलटणीतला गडी. तुमी आमटीत गूळ घालणार, त्यो बंदूक काढंल!"

"गूळ घालणार नाही."

"घालाल. हात जाईल गपकन्."

साऱ्या हसल्या. शालूबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी नाहीही म्हटले नाही. "साडेअकराला तयार ठेवा," त्या म्हणाल्या. "नानासोची आळी माझ्याकडं हाय."

गुरुवारी मी चारुलतेचा पितळी कडीचा डबा फडताळातून काढला. तिच्यानंतर त्याला हात लावला नव्हता. आतल्या पुडाच्या कडेला हळदीची फिकट रेघ अजून होती. भात, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. गुळाचा डबा मी बुद्ध्याच वरच्या फळीवर ठेवला. साडेअकराला शालूबाई आल्या. त्यांनी झाकण उचलून वास घेतला, कडी लावली आणि पाठ फिरवली.

"बसा की जरा," मी म्हणालो.

"गार हुईल. तितं धा मिंटं बसायचंय मला."

त्या वळणापर्यंत दिसत होत्या. माझी दहा मिनिटे आता नानासोंच्या ओट्यावर चालली होती. मी आत येऊन जेवायला बसलो. उरलेली आमटी माझ्यासमोर होती, तीच आमटी आळीपलीकडे दुसरा एक एकटा माणूस त्या वेळी जेवत असेल, हा विचार मनात आला. त्याने घर भरले नाही. पण भिंती जराशा जवळ आल्यासारख्या वाटल्या, एवढे खरे. मग आठवडाभर पुन्हा दूधवाला, विजेचे देयक, रविवारची घंटा.

पुढच्या गुरुवारी साडेअकराला मी दुसरा भरलेला डबा ओट्यावर ठेवून उभा होतो. शालूबाईंनी मागील आठवड्याचा पितळी कडीचा डबा माझ्या हातात दिला. आत काहीतरी खडखडले.

"नानासोनं दिलंय. त्याच्या भणीचं रान हाय कोरेगावला. म्हनला, रिकामा डबा देत न्हाईत आमच्यात."

मी कडी काढली. तळाशी मूठभर भाजलेले शेंगदाणे होते, मिठाच्या पाण्यातून काढलेले. कापऱ्या हातांनी भाजले असावेत. काही करपले होते, काही कच्चेच राहिले होते.

शालूबाई चौकटीला हात टेकून उभ्या होत्या. "गाय शेंगदाणं खाती का वो, गुरुजी?" त्या म्हणाल्या. मुद्रा शांत होती. डोळे मात्र माझ्या हातावरून हलत नव्हते.

मी ओट्यावर बसलो. एक दाणा उचलला. सांगलीचा घाट, ओंजळीतून गळणारे पाणी, आणि ती हसणारी पंगत, सारे एकदा समोर येऊन गेले. त्या पंगतीतले आता कोण जिवंत असेल? मी दाणा तोंडात घातला. तो करपलेल्यांपैकी होता. चावायला वेळ लागला. मग दुसरा घेतला. मग तिसराही घेतला.

"मीठ कसं हाय?" शालूबाईंनी विचारले.

"जास्त आहे," मी म्हणालो. "पुष्कळच जास्त आहे."

त्यांनी भरलेल्या डब्यावर फडके गुंडाळले, गार होऊ नये म्हणून घट्ट गाठ मारली, आणि तो मांडीशी घेऊन त्या ओट्यावर बसल्या.

"सरा जरा तिकडं," त्या म्हणाल्या, "आन् द्या दोन दाणे. मलाबी बघू दे किती जास्त हाय ते."